आल्बिनाच्या नावाचा अर्ज

माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये मिस्सा होते, तिला आलेल्यांना घरी बोलावून चहा द्यायचा, ही आमच्या वसईची रीत. माझ्या बायकोच्या, आल्बिनाच्या मिस्सानंतर इथे आखातात, गाला भागातल्या माझ्या खोलीत प्रताप सर आणि स्टॅन्ली शेवटपर्यंत बसून राहिले. आल्बिनाची धाकटी बहीण इलेन चहा देत होती.

प्रताप सर इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, स्टॅन्ली आमच्या चर्चमधला. व्हिसा नसलेल्यांसाठी सरकारकडे माफी मागायची का, यावरून दोघांचं वर्षभर वाजलं होतं. स्टॅन्ली म्हणायचा, सगळ्यांसाठी मागा. सर म्हणायचे, त्याने कायद्याने राहणारे आपण बदनाम होतो. आता दोघांचं जुळलं होतं.

"ज्यांचा व्हिसा नुसता संपला, त्यांनाच माफी मागायची," सर म्हणाले. "अर्बाबाकडून पळाले, ते कुठे लपलेत हे मंडळच पोलिसांना कळवेल. तरच वरचे लोक ऐकतील. अर्जाला आल्बिनाचं नाव देऊ. तिचा एक फोटो दे."

आल्बिनाच्या छातीत दुखायचं आणि अर्बाब, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ती घरकामाला होती तो मालक, सुट्टी देत नव्हता, म्हणून ती त्याच्या घरातून निघाली. त्याने ती पळाल्याची तक्रार केली. मग ती दवाखान्यात जाईना. तिथे रहिवासाचं कार्ड मागतील, म्हणायची. ओवा चावत राहिली आणि गेली. दोघांनाही हे ठाऊक होतं.

"ती पळालेलीच होती," मी म्हणालो. "तुमच्या अर्जात ती कुठे बसते?"

"हिलरी, तडजोडीत थोडं सोडावं लागतं."

"तुम्ही काय सोडलं, सर? सोडली ती माझी बायको."

"तू दुःखात आहेस."

"दुःखात आहे, बहिरा नाही."

स्टॅन्ली म्हणाला, "अरे, तिचं नाव तरी राहील."

तेवढ्यात इलेन बोलली. चर्चचा माणूस, आपलाच, असं तिला वाटलं. "स्टॅन्लीदादा, मीपण अर्बाबाकडून पळालेय. माझंही कळवणार?"

सर उठून चपला शोधू लागले. "हे मी ऐकलेलं नाही," म्हणाले.

"बाय, तू बोलायला नको होतंस," स्टॅन्ली म्हणाला.

"तिने बोलायचं नाही आणि तुम्ही लिहायचं?" मी म्हणालो. "फोटो मिळणार नाही. कागदावर आल्बिनाचं नाव दिसलं, तर मंडळाच्या दार्सैतच्या सभेत सगळ्यांसमोर फाडीन."

ते गेल्यावर मी इलेनला कपडे भरायला सांगितलं. शहराबाहेर बरक्याला ओळखीच्या एका ड्रायव्हरचं कुटुंब राहतं, तिथे तिला ठेवायचं ठरवलं.

"भावोजी, ते खरंच सांगतील?"

"माहीत नाही."

गाडीत ती मागच्या सीटवर वाकून बसली. रस्त्यात पोलीस होते की नाही, मी पाहिलंच नाही. मागून स्टॅन्लीची गाडी येतेय का, तेवढंच आरशात बघत होतो.