मेकाँगवर गप्प बसलेला माणूस

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझ्यावर गुदरलं नसतं तर मीही ठेवला नसता. मेकाँग नदी एकदा माझ्यासाठी थांबली होती. चांगली दोन तास. मासेसुद्धा जागच्या जागी शेपट्या हलवत उभे!

हसा. सोमफेत, तू आधी वाडग्यातल्या शेवया संपव. आणि चांसुक, तू चुलीकडे बघ, इकडे कान देऊ नकोस. आज आमच्या बाईसाहेबांना फार काम आहे. थित फुवोंग जेवायला यायचेत ना! नवऱ्याला माशाची शेपटी, आणि डोकं केळीच्या पानात गुंडाळून त्यांच्यासाठी बाजूला.

हा फुवोंग तरुणपणी सात वर्षं विहारात भिक्षू होता, म्हणून त्याला मानाने 'थित' म्हणायचं. बाहेर आला तो डोक्यावर केस उगवायच्या आत चांसुकच्या आईच्या पायरीवर येऊन बसायला लागला. मी घाई केली म्हणून बरं. त्रेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. अजून त्याचे सगळे दात शाबूत आहेत. मोजलेत मी.

तर गेल्या वर्षी चांसुकच्या भाचीचं लग्न होतं. पाकबेंगहून लुआंग प्राबांगला जाणाऱ्या लांबड्या होडीत आम्ही तिघं चढलो. फुवोंगला कोणी बोलावलं? चांसुकने. तो बसला कुठे? चांसुकशेजारी. आणि मी? कोंबड्यांच्या पाटीपाशी.

समोर तिशीची एक बाई एकटीच बसली होती. नाव केसोन, ते मागाहून कळलं. पलीकडे थायलंडात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, इकडे लाओसात गावी परत चालली होती. आधी नुसती बोटं हलवत होती, सुईखाली कापड सरकवावं तशी. मग म्हणाली, "मशीन बंद करा."

नावाड्याला वाटलं, इंजिनाचं म्हणतेय. तिने छातीवर हात आपटला. "इथलं. पाच दिवस चाललंय. झोपूच देत नाही." मग पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "खाली आवाज नसेल," आणि कठड्यावर एक पाय टाकला.

चांसुकने झेप घेऊन तिची कंबर धरली. नावाड्याने होडी वाळूला लावली, इंजिन बंद केलं. तेव्हाच नदीही थांबली. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा.

आता फुवोंग बघा. चार माणसं बघताहेत म्हटल्यावर त्याला राहवतंय होय? आला तोंड चालवत. "घाबरतेस काय पोरी! मी एकदा असा मासा धरला होता, की त्याच्या पोटात भाताचं खाचर, आणि खाचरात म्हैस चरतेय!" दोघंतिघं हसले. पण ती कान दाबून किंचाळायला लागली, "आणखी एक मशीन आलं! आणखी एक!" आणि चांसुकच्या हातातून सुटायला लागली. चांसुक अशी कडाडली, "आता एक शब्द बोललात तर तुम्हालाच पाण्यात ढकलीन!" तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. गुपचूप जाऊन बसला कोंबड्यांच्या पाटीपाशी.

"पाटीपाशी तर तुम्ही होतात ना, आजोबा?"

मी उठलो होतो. तू शेवया खा, सोमफेत.

मी काय केलं? काहीच नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलो. 'काय झालं' नाही, 'शांत हो' नाही. नुसता सावकाश श्वास घेत राहिलो, तिला ऐकू जाईल एवढाच. होडीतलं तान्हं मूलसुद्धा रडायचं थांबलं. हळूहळू तिचा श्वास माझ्या श्वासामागे यायला लागला. बोटं थांबली.

आणि तिकडे पाटीपाशी फुवोंग बघत होता. केसोनकडे नाही, चांसुककडे. कारण चांसुक माझ्याकडे बघत होती. असं बघणं! लग्नाच्या दिवशीसुद्धा मला मिळालं नव्हतं... म्हणजे, त्याला मिळालं नव्हतं. ती बाई जगावी असं त्यालाही वाटत होतं हो, तेवढा वाईट नाही तो. पण दुसऱ्या कुणीतरी जगवावी, हे सहन होत नव्हतं. आतून असा जळत होता, की पाटीतल्या दोन कोंबड्या पिसांसकट भाजून निघाल्या.

दोन तासांनी केसोन म्हणाली, "भात आहे का?" चांसुकने चिकट भाताचा गोळा तिच्या हातावर ठेवला. तो खाता खाता ती चांसुकच्या मांडीवर झोपली. धक्क्यावर तिचा भाऊ आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिला डॉक्टरकडे नेलं. औषधं चालू आहेत, झोपही लागते आता.

उतरताना मात्र तिने एक केलं. भेदरलेल्याचा जीव परत यावा म्हणून आपण मोठी माणसं त्याच्या मनगटाला दोरा बांधतो. तिने उलटंच केलं. पिशवीतून दोरा काढला आणि माझ्याच मनगटाला बांधला. हा बघा. वर्ष झालं, सोडला नाही.

"बघू," म्हणत चांसुक पळी हातात घेऊनच आली. माझं मनगट धरून तिने उजेडाकडे वळवलं. "अहो, हा तर तांदळाच्या पोत्याचा. सकाळी मीच उसवला. केसोनचा दोरा निळा होता, अजून थित फुवोंगांच्या हातावर आहे. येतीलच ते, बघ रे सोमफेत. आणि म्हैस गिळलेला तो मासा कुणाचा हो?"