गिअरबॉक्स आणि आप्पांचा डावा पाय

मी गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक. बोलायची सवय नाही, कारण आमच्यात आवाज काढणं हे आजाराचं लक्षण समजतात. आज तब्येत ठणठणीत असूनही बोलतोय, तेव्हा ऐकून घ्या.

कारखान्यात जन्मलो आणि लगेच एका पांढऱ्या गाडीच्या पोटात गेलो. तेव्हापासून माझं जग म्हणजे वर पत्रा आणि खाली रस्ता. माणसांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. मी माणसं पायांवरून ओळखतो.

पहिली मालकीण दातांची डॉक्टर. ती ब्रेकसुद्धा दुखणार नाही अशा बेताने दाबायची. तिच्याकडे दिवस सुखात गेले, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही.

मग आलो आप्पांकडे. आप्पांनी उभी हयात बस चालवली. निवृत्तीनंतर डावा गुडघा कुरकुरायला लागला, म्हणून मुलाने ही बिनक्लचची गाडी घेऊन दिली.

"गिअर आपले आपणच पडतात म्हणे. मग मी काय करायचं?" आप्पांनी विचारलं.

"ब्रेक दाबायचा आणि गप्प बसायचं," सून म्हणाली. ती मला तिथल्या तिथे आवडली.

पण पायाला कोण समजावणार? गाडी थांबायला आली की आप्पांचा डावा पाय उठायचा, क्लच शोधायचा आणि सापडला नाही की ओशाळून खाली यायचा. एकदा तो ब्रेकवरच पडला आणि सगळे पुढे आपटले. घरात त्यावर पुष्कळ थट्टा झाली.

दर रविवारी आप्पा हायवेने थोरल्या बहिणीकडे जायचे. अक्कांची दृष्टी गेलेली. आठवडाभराचं बोलणं त्या रविवारसाठी साठवून ठेवायच्या. त्यांना शेजारी बसवून आप्पा नदीपर्यंत फेरी मारायचे आणि वाटेत काय काय दिसतंय ते सांगायचे. त्यातलं निम्मं खोटं असायचं. "उजवीकडे सूर्यफुलं फुललीत बघ," ते म्हणायचे, आणि खाली मला टायरच्या दुकानाचा वास यायचा.

आणि मग गाडी बंद पडायला लागली. हायवेवरून उतरून पहिल्या सिग्नलला थांबताना ती थरथरायची, गचका द्यायची आणि इंजिन गप्प. पुन्हा चावी फिरवली की मुकाट्याने चालू. एकदा सून गाडीत असताना मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर घरात थट्टा बंद झाली.

मुलाने गाडी तपासली, म्हणजे कॉलनीला एक चक्कर मारली. बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर, पुन्हा तेच. मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला आणि गॅरेजच्या गल्लीत गाडी फिरवून आणली. तिथेही ती शहाण्यासारखी वागली.

"आप्पा, गाडीत काही नाही. तुमचा पाय मध्ये येतोय," मुलगा म्हणाला.

"वयाचंही असतं, काका," मेकॅनिकने भर घातली.

त्यानंतर आप्पा गाडीत बसले की डाव्या पायातला बूट काढून ठेवायचे आणि पाय सीटखाली दुमडून घ्यायचे. गुडघा ठणकायचा. तरी गाडी बंद पडली. पाय आपल्या नकळत हलला असावा, असं आप्पांना वाटलं. एवढी वर्षं बस हाकलेल्या माणसाचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला मी अगदी जवळून पाहिला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मुलाने चावी आपल्याकडे ठेवली. दोन रविवार मी जागचा हललो नाही. अक्कांचा फोन आला की आप्पा बाहेर येऊन, गाडीला टेकून सांगायचे, "गाडी गॅरेजला आहे, अक्का."

गाडी विकायचं ठरलं. त्याआधी एकदा शेवटचं बघून घ्यायला मेकॅनिक आला. माझं तेल पाहिलं, वास घेतला. जळका वास नव्हता. मग, बहुधा दुसरं काही सुचेना म्हणून, त्याने दारात उभ्या असलेल्या आप्पांना विचारलं, "काका, बंद पडते म्हणजे नेमकी कशी?"

"नवशिका ड्रायव्हर क्लच न दाबता ब्रेक मारतो ना, तशी. अगदी तशीच. म्हणून तर पाय उठतो माझा."

मेकॅनिक आप्पांकडे वळला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. सगळे पायाकडेच बघत होते."

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. क्लच माझ्यातही असतो, फक्त तो मी सांभाळतो. गाडी वेगात असली की तो इंजिनला आणि मला घट्ट जोडतो, आणि थांबताना सोडतो. ते एका लहानशा व्हॉल्व्हच्या हातात असतं. माझा व्हॉल्व्ह तापला की अडकायचा. जोड सुटायची नाही, चाकं थांबली की इंजिनही थांबायचं. कॉलनीच्या चकरेत मी तापतच नव्हतो.

"आधी गाडी तापवू या. दादा, तुम्हीच चालवा," मेकॅनिक म्हणाला.

मुलाने हायवे पकडला. आप्पा मागे बसले. परतताना पहिला सिग्नल लागला. थरथर, गचका, शांतता.

"माझा पाय ब्रेकवरच होता," मुलगा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

उजवा होता. डावा मात्र क्लचच्या जागी हवेत उठला होता, मी पाहिला. मुलाला गाडी आप्पांनीच शिकवली होती.

मेकॅनिकने व्हॉल्व्हची वायर काढली, म्हणजे जोड लागणारच नाही, आणि पुन्हा तेवढंच अंतर गाडी पळवायला लावली. त्याच सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिन चालू राहिलं. मुलाने तिथेच चावी, म्हणजे जवळची दुसरी चावी, मागे आप्पांच्या हातात दिली.

नवा व्हॉल्व्ह बसला, नवं तेल आलं. माझं मागणं मोठं नाही. गाडी बंद पडली तर लगेच चालवणाऱ्याचं वय काढू नका. आधी आम्हाला नीट तापू द्या, आणि कशी बंद पडते ते त्यालाच विचारा.

रविवारी आप्पा दोन्ही बूट घालून बसले. अक्का शेजारी. फोनवर खोटं बोलल्याचं आप्पांच्या मनात राहिलं असावं.

"उजवीकडे काय आहे रे?" अक्कांनी विचारलं.

"टायरचं दुकान," आप्पा म्हणाले.

"ते माहीत आहे मला. वास येतो दर वेळी. तू सूर्यफुलं सांग."

सिग्नल लागला. डावा पाय जरासा उठला आणि पुन्हा टेकला. गाडी थांबली, इंजिन चालूच होतं. आप्पा सूर्यफुलं सांगू लागले.