कुंदा आली, त्या दिवशी

लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला फुईनं मला दारातच थांबवलं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, भिकुबाई. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आलेली. आई गेल्यावर तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, तिनंच सासरी पाठवलं. आणि आता तीच उंबऱ्यात दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. मी धरणगाव स्टेशनपासून दोन कोस बैलगाडीतून उन्हात आलेली. डोक्यावर पदर, पायाशी माझी पेटी आणि दुसरं एक लाकडी खोकं. साल छप्पन.

"आते नको येऊ बाई," ती म्हणाली. "तुना पाय पडस आनि मना भाऊनं काळीज उडस. हाई मी नई सांगत, वही सांगस."

वही कसली, ते सांगायला हवं.

माझं लग्न चोपन्न सालच्या माघात झालं. नवरा जळगावला, बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्या वर्षी पहिल्या आखाजीला मी माहेरी आले. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. त्या दिवशी पितरांच्या नावानं नवी घागर भरून ठेवायची, सासुरवाशिणींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे. मी आले त्या दुपारी नाना, म्हणजे माझे वडील पितांबर, ओट्यावर बसल्या बसल्या छातीला हात लावून गप्प झाले. विचारलं तर म्हणाले, सरकी काढायच्या जिनात कापसाबरोबर खडा गेला की चाक कसं अडखळतं, मध्येच चार फेरे जोरात घेतं, तसं आत चाललंय. दोन तासांनी आपोआप थांबलं. उन्हानं झालं असेल म्हणून आम्ही विसरलो. दुसऱ्या आखाजीला पुन्हा तसंच झालं. या वेळी संध्याकाळपर्यंत चाललं आणि उठताना त्यांना भोवळ आली.

तेव्हा माझा भाऊ जीवराम त्यांना धुळ्याला घेऊन गेला. तिथले एक डॉक्टर छातीला पट्टे लावून काळजाची चाल कागदावर उतरवत. पण नाना तिथं पोचेपर्यंत काळीज शहाण्यासारखं चालायला लागलेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, काळजाची चाल अशी बिघडण्याचे तीन प्रकार असतात. एक पाहुणा, येतो आणि आपल्या पायानं जातो. दुसरा हात धरून, औषध देऊन घालवावा लागतो. तिसरा घरजावई, तो जातच नाही, त्याच्याशी जुळवून घेऊन राहावं लागतं. तुमचा अजून पाहुणा आहे. पण पाहुण्याला वारंवार बोलावलंत तर तो घरजावई होईल. आणि काळीज फार वेळ नुसतं थरथरत राहिलं तर रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस अर्ध्या अंगानं लुळा पडतो. तेव्हा याला बोलावतं कोण, ते शोधा. कुणाला जागरणानं होतं, कुणाला दारूनं, कुणाला तडस लागेपर्यंत जेवल्यानं, कुणाला काळजीनं. प्रत्येकाचं वेगळं असतं. एक वही करा, आणि प्रत्येक वेळी लिहा, आधी काय घडलं, किती वेळ राहिलं, कसं गेलं.

जीवरामनं वर्षभर वही लिहिली. फुईला अक्षर येत नव्हतं, ती त्याच्याकडून वाचून घ्यायची. जागरण झालं त्या दिवशी काही नाही. लग्नाच्या पंगतीत पोट फुटेस्तोवर जेवले, काही नाही. गावात भांडण झालं, नाना दोन दिवस जेवले नाहीत, तरी काही नाही. मग भादव्याच्या उन्हातलं पान. 'कुंदा आली. दुपारी सुरू. तीन तास.' चैत्रातलं पान. 'कुंदा आली. दुपारी सुरू. सूर्य मावळेपर्यंत.'

दिवाळीत मी गेले होते, तेव्हा काही झालं नव्हतं. मी उंबऱ्यात उभ्या उभ्या फुईला तेवढंच सांगितलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं. दिवाळीत जीवराम मला घ्यायला आला होता, आणि घरात पहिला पाय त्याचा पडला होता.

नवऱ्यानं टाकलं तर माहेर असतं. माहेरानंच उंबरा बंद केला तर कुठं जायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मला तिचं खरं वाटायला लागलं होतं. वही खोटं कशाला बोलेल?

नाना परसातून आले. त्यांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. माझी पेटी जीवरामनं उचलली. खोकं मात्र फुईनं बाहेरच ठेवायला लावलं, निदान सामान तरी सकाळपर्यंत ओट्यावर राहू दे म्हणाली. त्या दिवशी नानांना काही झालं नाही. फुई म्हणाली, उंबऱ्यावर अडवलं म्हणून टळलं.

आखाजी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मीच हट्ट धरला की धुळ्याला मी येणार आणि वही मी डॉक्टरांच्या हातात देणार. मला निकाल हवा होता. डॉक्टरांनी पाय म्हटलं असतं तर मी पुन्हा त्या गावात पाऊल ठेवणार नव्हते, असं मनाशी ठरवलं होतं.

एस.टी. स्टँडपासून दवाखाना लांब होता. भर दुपार. नाना घामानं निथळत होते. डॉक्टरांनी त्यांना निजवून हातापायांना पट्टे बांधले, छातीवर एक वाटी धरली, आणि यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. मला त्यातलं काय कळणार? पण रेघ गोधडीच्या टाक्यांसारखी होती, सारख्या अंतरावर एकेक टाका. डॉक्टर म्हणाले, आज छान आहे. पट्टे तसेच ठेवून त्यांनी नानांना उठून बसवलं आणि माझ्याकडून वही घेतली.

नानांचे ओठ सुकलेले दिसत होते. मी बाहेर गेले. समोर सरबताची गाडी होती. मी लिंबाचं सरबत घेतलं, आणि बर्फ किसून नको, खडेच टाक म्हटलं. नानांना तसंच आवडायचं. पेला हाताला चिकटेल इतका गार झाल्यावर आत आले.

डॉक्टर विचारत होते, "ही कुंदा कोण?"

"हाईच," नाना म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि सवयीप्रमाणे एका दमात रिकामा केला.

पेला खाली ठेवताना त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला ओळखीची होती. डॉक्टरांनी झटकन मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं यंत्र सुरू केलं. पट्टी सरकू लागली. टाके गेले होते. पहिल्यांदा सुई धरणाऱ्या पोरीनं घातल्यासारखे, दोन जवळ, एक लांब, मध्ये सगळीकडे बारीक थरथर.

यंत्राचा तेवढा आवाज येत होता.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "असं गार यांना घरी रोज देता?"

"रोज नाही," मी म्हटलं. "मी येते तेव्हा."

हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले, आणि मग ते मला ऐकू आले.

ते खोकं! कारखान्याचे मालक आमच्या ह्यांना सणावाराला बर्फाची अर्धी लादी देत. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ती मी उन्हाच्या दिवसांत प्रत्येक वेळी माहेरी न्यायची. गावात बर्फ कुणी पाहिला नव्हता. नाना शेतातून तापून आले की मी लोटाभर पाण्यात खडे टाकून द्यायची, आणि ते घटाघटा प्यायचे, अर्धा गाव बघायला उभा असायचा. त्यांना फडफड सुरू झाली की उष्णता वाढली म्हणून मी आणखी एक लोटा द्यायची. दिवाळीत थंडी, तेव्हा बर्फ नेला नव्हता. आणि परवाचा बर्फ फुईच्या हट्टापायी ओट्यावर वितळून गेला होता. वहीत यातलं अक्षरही नव्हतं. पाणी दिलं, हे कोण लिहितं?

तीन वर्षं मी माझ्या हातानं बापाच्या काळजात तो खडा टाकत होते.

डॉक्टरांनी मला धीर दिला. म्हणाले, दुसऱ्या कुणी आख्खी लादी खाल्ली तरी त्याला ढिम्म होणार नाही. तापलेल्या अंगानं एका दमात बर्फाचं पाणी, हे फक्त यांचं बोलावणं आहे. पाहुणा चार तासांनी गेला. तोवर नाना पलंगावर निजून होते आणि मी त्यांच्या पायाशी बसून पट्टीचा तो कागद घट्ट धरला होता. तो मला कुणी दिला, आठवत नाही.

घरी आल्यावर मी स्वतः फुईला सांगितलं की तू बरोबर होतीस, माझ्यामुळंच होत होतं. ती म्हणाली, "पाय नई ना मंग. हात शे."

"हात बी नई," नाना ओट्यावरून म्हणाले. "बरफ शे. पोरना हातनं पानी मी मरालोंग पिसू." पोरीच्या हातचं पाणी ते मरेपर्यंत पिणार होते.

पुढच्या आखाजीला मला न्यायला जळगावला मुऱ्हाळी म्हणून कोण यावं? फुई. आयुष्यात आगगाडीत न बसलेली बाई. आल्या आल्या पाणी न पिता तिनं माझी पेटी उपसली, लुगड्यांच्या घड्यांत हात घालून बघितला, भुसा कुठं नाही याची खात्री केली, आणि मगच बसली. गावी पोचल्यावर उंबऱ्यात स्वतः बाजूला झाली आणि मला आधी आत जायला लावलं.

पाहुणा नानांकडे नंतर तीनदाच आला. घरजावई कधी झाला नाही. ते गेले ते म्हातारपणानं, तापानं.

आता आखाजीला त्यांच्या नावाची घागर मी भरते. नव्या मातीत पाणी तासाभरात गारेगार होतं. पूजेआधी मी त्यात लोटाभर कोमट पाणी ओतते. सुना हसतात, पितरांना कोमट पाणी कोण देतं म्हणतात.

हसू देत.