तुपावरचं झाकण

हैदराबाद राज्यातलं वालूर गाव मुंबई राज्यात गेलं आणि सरकारी फर्मानं उर्दूऐवजी मराठीत यायला लागली. पूर्वी ती परक्या भाषेत कळत नसत, आता आपल्या भाषेत कळेनात. एवढी प्रगती झाली.

हिवतापाच्या डासांवर औषधाची फवारणी होती त्या सकाळी गोजरबाईनं लोणी कढवलं. लेक कावेरी पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी घरच्यांच्या तोंडचं काढून जमवलेलं लोणी ते. कढत तूप कुणी झाकत नाही, वाफेचं पाणी आत पडून ते खवट होतं. पातेलं उघडंच ठेवून ती दवंडीसरशी मारुतीच्या पारावर गेली.

तिथं सेलूच्या शाळेतले मास्तर अण्णासाहेब उभे होते. फवारणीआधी लोकांना सावध करायचं काम त्यांच्याकडे होतं. पण त्यांना हौस शहाणं करण्याची.

"प्रस्तुत द्रव्य मेदस्नेही आहे," ते म्हणाले. "अर्थात जलात अविद्राव्य, स्निग्ध पदार्थांत विद्राव्य!" मग हा शब्द संस्कृतातून कसा सिद्ध होतो, दुसरे पर्याय कसे अशुद्ध, हे सुरू झालं. बाया जांभया द्यायला लागल्या. फवारणीवाले कंटाळले आणि पंप उचलून घराघरांत शिरले. शिकलेला माणूस बोलतोय म्हणून गोजरबाईनं शेवटपर्यंत मान डोलावली.

दुपारी मास्तरांचं जेवण तिच्याकडेच होतं. पुरणपोळीवर तूप वाढायला तिनं सढळ हातानं पळी उचलली. अण्णासाहेबांनी भिंतीवरचे पांढरे ओघळ पाहिले, खालचं पातेलं पाहिलं आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"हे उघडं होतं का?"

"व्हय. कढत तूप कोन झाकतंय?"

"मग नको, बाई. औषध तुपात उतरतं. पोटात जायला नको ते. फेकून द्या."

काय सुरेख मराठी! शेंबड्या पोरालाही कळावी.

गोजरबाईनं पळी पातेल्यात परत टाकली. "मास्तर, हे पारावर का न्हाई सांगितलं?"

"तेच तर सांगत होतो!" अण्णासाहेब दुखावले. "मेदस्नेही म्हणजे दुसरं काय?"

"तुमच्या ताटात पडायलंय म्हनल्यावर बरं साधं बोलता आलं!"

अण्णासाहेबांनी कोरडी पोळी संपवली.

तूप बैलगाडीच्या आसाला गेलं. पुढच्या आठवड्यात कावेरी त्याच गाडीतून माहेरी आली. लेकीला बाळंतपणात तूप मिळालं नाही, गाडीचं चाक मात्र वाटभर कुरकुरलं नाही.