भाताच्या खळीचा सांधा

"टोकापासून चार बोटांवर बघा, वहिनी. गंज." पुजारी हागिवारांनी देवळातली तलवार सुमीपुढे धरली. "यंदा पावसाळाच तसला होता. म्यान दमट झालं असणार."

सुमीने पातं उजेडाकडे वळवलं. तांदळाएवढा एकच डाग. दमटपणाचा गंज असा एका जागी बसत नाही, हे तिला कळत होतं. म्यान तिच्या नवऱ्याने, तोकुजीने केलेलं होतं, अगदी शेवटचं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या शेजारी बसून एकतीस वर्षं म्यानं कोरल्यावर सेकी गावातलं हे म्यानांचं दुकान आता ती एकटीच चालवत होती.

"उघडून बघते."

"अहो, त्यांच्या हातची शेवटची वस्तू! नवीन करा की."

"उघडता यावं म्हणूनच तर भाताच्या खळीनं चिकटवतो आम्ही."

तिने सांध्यात पाचर घालून हलकेच ठोकली. म्यानाच्या दोन फळ्या झाल्या. तिने आतून बोट फिरवलं. पातं लाकडाला कुठंच टेकता कामा नये. डागाच्या जागी मात्र एक उंचवटा राहिला होता.

"दमटपणाच ना?" पुजाऱ्यांनी आशेने विचारलं.

'हो' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"नाही. ह्यांच्या हातून राहिलं इथं. हात थरथरायचा तेव्हा. मला दिसत होतं, पण मी तपासलं नाही. ह्यांच्या मनाला लागलं असतं." तिने मान लववली. "चूक आमची आहे."

पुजाऱ्यांनी तलवारीकडे पाहिलं. "चारशे वर्षांत ही कुणावर उचलली नाही, वहिनी. तरी एवढा जीव ओतायचा?"

"उचलायची वेळ आली तर अडू नये, एवढं बघणं आमच्याकडे. वेळ आलीच नाही, तरी आमचं काम पुरं झालेलं असतं."

तिने पटाशीने उंचवटा तासला, पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा तासला. पाटावर भात घोटून खळ केली, फळ्या जुळवल्या, दोरीने आवळल्या.

"पातं शिकलगाराकडे द्या. म्यान परवा न्या."

"उत्सवात लोक विचारतील, म्यान कुणाचं म्हणून."

"ह्यांचं सांगा." ती थांबली. "नाही, आमचं दोघांचं सांगा."

पुजारी गेले. दोरीखालून खळीचा एक थेंब बाहेर आला होता. आजारी माणसाच्या ओठांच्या कडेची पेज पुसावी, तसा सुमीने तो अंगठ्याने पुसून घेतला.