खर्चासह दावा मंजूर

जमीन वाफशावर आली होती. मूठभर माती दाबली की गोळा होत होता, सोडला की फुटत होता. नांगरायला याहून चांगली वेळ नाही, आणि ती फार तर चार दिवस टिकते. तरी थोरला सकाळपासून घर ते गोठा, गोठा ते घर येरझाऱ्या घालत होता. गोठ्यात त्याचा एकटा तांबडा बैल रवंथ करत होता.

जोडीचा काळा बैल चुलतभावाचा. चुलतभाऊ धाकटा आणि अबोल, म्हणून गाव त्याला घुम्याच म्हणे. दोघांकडे एकेक बैल. जोडी करून आधी एकाचं रान नांगरायचं, मग दुसऱ्याचं. दोन रानांमधल्या बांधावरून आठ वर्षं कोर्टात दावा चालला, भावाभावांचं बोलणं तुटलं, पण बैलांना कुणी तारखा दिल्या नव्हत्या. नांगरटीच्या दिवशी घुम्या मुकाट्याने काळा आणून खुंट्याला बांधायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. बांध थोरल्याचा ठरला. वर कोर्टाने सांगितलं, थोरल्याचा दाव्याचा खर्चही घुम्यानेच द्यायचा.

"खर्च मागायला सांगितलं होतं कुणी?" बायकोने विचारलं.

"वकिलाने लिहिलं होतं अर्जात. मी न वाचताच सही ठोकली. आता विचारलं तर म्हणतो, हा मजकूर सगळ्याच दाव्यांत असतो."

"मग सोडून द्या."

"का सोडू? आठ वर्षं चपला झिजवल्या मी. खरं माझं होतं ना? मग खऱ्याने स्वतःच्या खिशातून का भरायचं?"

बायको पीठ मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण भाऊजी काळ्याला घेऊन बाजाराकडे गेलेत मघाशी. विकायला."

पेरणीसाठी बाजूला काढलेले पैसे थोरल्याने डब्यातून उपसले आणि तो तसाच निघाला. वाटेत जो भेटेल तो निकालाबद्दल अभिनंदन करत होता, आणि थोरल्याला त्या प्रत्येकाचा राग येत होता.

बाजारात एक दलाल काळ्याचे दात बघत होता. घुम्या दावं धरून उभा. थोरला धापा टाकत पोचला आणि आठ वर्षांनी त्याच्याशी बोलला.

"बैल घरी ने. मला खर्च नको."

"कोर्टाने सांगितलंय."

"मी माफ करतोय ना."

"माफ करायला मी चोरी केली नव्हती, दादा. बांध माझा आहे असं मला खरंच वाटत होतं. नव्हता. हरलो. आता खर्च भरणार."

एवढी वाक्यं घुम्या सबंध वर्षात बोलला नसेल. यापुढे त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. दलालाने आकडा सांगितला. थोरल्याने त्याच्यावर चढवला. दलालाने पुन्हा वाढवला, थोरल्याने पुन्हा. शेवटी दलाल वैतागून दुसऱ्या बैलाकडे वळला. थोरल्याने नोटा घुम्याच्या हातात दिल्या. घुम्याने त्यातूनच खर्चाची रक्कम मोजली, थोरल्याला परत दिली, उरलेले पैसे खिशात घातले आणि दावं त्याच्या हाती देऊन चालू लागला. वळून त्याने बैलाकडेही बघितलं नाही.

आता थोरल्याकडे बांध होता, खर्च होता आणि जोडीही होती. तरी रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी त्याने नांगर धरला. जमीन लोण्यासारखी उलटत होती. पण बांधापलीकडे घुम्या कुदळीने रान खणत होता. सबंध रान, कुदळीने! त्याची बायको मागून ढेकळं फोडत होती. नांगराचं एकेक तास ओढत बांधाशी आलं की काळा थांबायचा आणि हाकललं तरी मान तिकडेच ठेवायचा. थोरल्याने पाच तासं कशीबशी काढली. सहाव्या तासाला त्याला स्वतःचीच चीड आली. बांधाशी पोचल्यावर त्याने बैल वळवलेच नाहीत. नांगर तसाच पुढे दामटला. वर्षानुवर्षांचं गवत मुळासकट उपटत फाळ बांधातून आरपार गेला आणि घुम्याच्या रानात उतरला.

घुम्या उगारलेली कुदळ तशीच धरून बघत राहिला.

"दादा, बांध मोडतोय."

"मोडू दे. माझा आहे. कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे."

घुम्याने कुदळ खाली घेतली. तो बाजूला सरला आणि त्याने बैलांना वाट दिली.