स्क्रूवरचं कुंकू

खोटं लिहिलंत तुम्ही, साहेब. न उघडता लिहिलंत, न बघता लिहिलंत आणि खाली गोल शिक्का मारून सही ठोकलीत. सही तरी वाचता येईल अशी करायची. तीही नाही. 'आतील भाग तपासला. जोराच्या मारामुळे बिघाड. ऑपरेटरची चूक. वॉरंटी लागू नाही.' चार वाक्यं. तेवढ्यात तुम्ही एका माणसाची नोकरी खाल्लीत. आणि नोकरीचं एक वेळ राहू द्या, त्याच्या हाताची अब्रू घेतलीत. तो माणूस कोण, त्याचे हात कसले, हे तुम्ही कुणाला विचारलंही नाहीत. मग आता ऐका.

त्याचं नाव महिपत. गाव गुहागरकडचं, राहायला पेणकरपाड्यात, वय बावन्न. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं काढली. वायरमन दांडी मारायचा तेव्हा मशीनचं वायरिंग हाच बघायचा. कोणी शिकवलं नाही, बघून बघून शिकला. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मीरा रोडच्या एका मॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गेम झोनमध्ये ऑपरेटर म्हणून लागला. पण ही झाली पोटाची ओळख. खरी ओळख ताशाची. नवव्या वर्षापासून गावच्या खालूबाजात, सनई-ढोलांच्या ताफ्यात, ताशा वाजवणारा माणूस. शिमग्यात पालखी नाचते ती त्याच्या काठ्यांवर. आजही रजा मिळो न मिळो, शिमग्याला महिपत गावात असतोच.

म्हणून तर झोनच्या मॅनेजरने, अनिशने, त्याला ड्रमच्या गेमवर उभं केलं होतं. २००९ साली त्या गेमचं पोरांना वेड लागलं होतं. समोर मोठा टीव्ही, त्यावर वरून रंगीत ठिपके घसरत येतात. खाली स्टँडवर चार रबरी चकत्या: लाल, पिवळी, निळी, हिरवी. ज्या रंगाचा ठिपका खाली पोचेल त्या चकतीवर काठी मारायची. मार वेळेवर बसला की गाण्यात ड्रम वाजतो, चुकला की टीव्हीतली पब्लिक बोंब मारते. असे दोन सेट होते. त्यातला दुसरा दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांत आंधळा झाला. लाल चकती मेली. पिवळी मध्यावर मारली तर गप्प, कडेला मारली तर कधी बोलायची, कधी नाही. अनिशने सेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला. सतरा दिवसांनी तो आला, तसाच आंधळा. सोबत तुमचा कागद.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला, मॉल उघडायला दीड तास असताना, अनिशने तो कागद महिपतच्या हातात दिला.

"काका, मी काय करू सांगा. सेठनी वाचलंय. रविवारी कॉम्पिटिशन आहे, दोन्ही सेट लागणार. आणि सोमवारपासून..." तो अडखळला.

"सोमवारपासून काय?"

"दुसरा ऑपरेटर येतोय."

महिपतने कागद वाचून दाखवायला सांगितला. इंग्रजी होता. अनिशने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. 'जोराच्या मारामुळे' ऐकल्यावर महिपत हसला. राग आला की तो हसतो, हे शेजारच्या पॉपकॉर्नवालीला ठाऊक होतं. तिने मक्याची गोणी खाली ठेवली आणि पुढे आली.

ही सावित्री. पेणकरपाड्याचीच, पण मूळची, ज्यांच्या भातशेतीवर आता सात मजले उभे आहेत त्यांच्यातली. तोंडाला फाटक नाही.

"जोराचा मार?" ती म्हणाली. "या मानसाचा? अरे, हा ताशावर काठी टाकतो ती माशी बसल्यासारखी. त्या कंपनीवाल्याला आन इथं, मी दाखवते जोराचा मार कसा अस्तो त्यो."

"सावित्रीताई, प्लीज," अनिश म्हणाला.

"प्लीज काय? बरोबर हाय का न्हाय मी बोलते ते?"

महिपतचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्याने लाल चकती स्टँडवरून काढली, मागची वायर सोडवली आणि उलटी करून मांडीवर घेतली. पाठीमागे पाच स्क्रू. महिपत बघत राहिला. मग हिरवी काढली, उलटी केली. मग निळी, मग पिवळी. मग तो शांतपणे बोलला.

"अनिश, तुझ्या मोबाइलात कॅमेरा आहे ना? फोटो काढ."

"कसला?"

"कुंकवाचा."

दसऱ्याला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. गावी महिपत ताशाच्या कडीला कुंकू लावतो. इथे ताशा नव्हता, पण भाकरी या चकत्यांवर चालत होती. वर लावलं तर पोरांच्या हाताला लागेल, म्हणून त्याने चकत्या उलट्या केल्या आणि ओलं कुंकू बोटाने एकेका स्क्रूवर टेकवलं. चार चकत्या, वीस स्क्रू, वीस टिळे. वर अक्षता टाकल्या. ते कुंकू वाळून स्क्रूच्या खाचेत बसलं होतं. विसांच्या वीस खाचा भरलेल्या. हिरव्या चकतीच्या एका स्क्रूच्या खाचेत तर तांदळाचा दाणा अजून तसाच रुतलेला. पेचकस टेकला असता तर पहिल्या पिळाला तो निघाला असता.

अनिशने दाणा बघितला. मग कागद बघितला. मग परत दाणा.

"म्हणजे यांनी उघडलंच नाही?"

"आतील भाग तपासला म्हणे," महिपत म्हणाला. "काढ फोटो. चारही काढ. मग मी उघडतो."

"काका, उघडू नका! आपण उघडलं की वॉरंटी जाईल."

"वॉरंटी लागू नाही, हे त्यांनीच लिहिलंय ना? शिक्का मारून? मग आता उघडायला कुणाच्या बापाची परवानगी पाहिजे?"

अनिशने फोटो काढले.

"हिरवी उघडायची नाही," महिपतने बजावलं. "ती साक्षीदार आहे."

उघडायच्या आधी त्याने एक गोष्ट केली, जी सतरा दिवसांत तुमच्याकडे कोणाला सुचली नाही. लाल चकतीत हिरवीची वायर खोचली आणि काठी मारली. टीव्ही गप्प. हिरव्या चकतीत लालची वायर खोचली, मारली. टीव्हीवर लाल दिवा लागला.

"वायरी जातात तो डबा चांगला आहे, वायर चांगली आहे," तो म्हणाला. "दुखणं चकतीच्या पोटात आहे."

एक मिनिट लागलं नाही. मग त्याने लालचे पाच स्क्रू काढले. कुंकवाची पापडी टेबलावर पडली, ती त्याने कागदाच्या चिटोऱ्यात गोळा करून खिशात ठेवली. रबराखाली प्लॅस्टिकची वाटी, वाटीच्या तळाला रुपयाएवढी पितळेची पातळ टिकली चिकटवलेली. उघडलं की गाणारं बर्थडेचं कार्ड असतं, त्यात असते तशी. मार बसला की टिकली थरथरते, तेवढ्यावर टीव्हीला कळतं. टिकलीवरून डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेल्या दोन बारीक वायरी निघालेल्या. महिपतने एक नखाने हलवली. ती अलगद हातात आली.

"बघ. डाख बसलेलाच नाही. गोळा बघ कसा राखाडी, भुसभुशीत. बसलेला डाख चकाकतो. कारखान्यातच कोणीतरी घाईत टेकवून पुढे ढकललंय." त्याने रबर उजेडात धरलं, वाटीवरून अंगठा फिरवला. "जोराचा मार म्हणतात ना? मग भेग दाखवा. खड्डा दाखवा. साधा ओरखडा दाखवा."

अनिशने खरंच वाकून शोधलं. काही नव्हतं.

महिपतने पिशवीतून सोल्डरिंगचा आपला जुना आयर्न काढला, वायर साफ केली, डाख दिला. थेंब चकाकला. लाल चकती जोडून काठी मारली, टीव्हीवर लाल दिवा. नखाने टिचकी मारली तरी दिवा.

"एक झालं," तो म्हणाला आणि पिवळी हातात घेतली. आता तो रंगात आला होता. लालचं निघालं तेच हिचं निघणार, कंपनीच्या तोंडावर दोन्ही फेकायच्या, असं त्याच्या मनात ठरूनही गेलं होतं.

पिवळी उघडली आणि त्याचा हात थांबला.

वायरी जागच्या जागी. डाख चकाकता. पण टिकली मधे नव्हतीच. ती घसरून वाटीच्या कडेला गेली होती आणि तिच्यामागे डिंकाचा पिवळा ओघळ होता, वितळून वाहिलेला आणि पुन्हा गोठलेला.

सावित्रीने ओघळ बघितला. मग मान वळवून आपल्या पॉपकॉर्नच्या मशीनकडे बघितलं. मग महिपतकडे.

"दादा, मी सांगत व्हते ना तुमाना?"

"गप."

"रबराला कसली थंडी वाजते, बोल्ले व्हते का न्हाय?"

अनिश दोघांकडे बघत होता. "काय झालं?"

झालं होतं ते असं. ताशा तापवल्याशिवाय वाजवत नाहीत. गावी पेंढा नाहीतर पेपर पेटवून त्यावर कातडं धरतात, ते ताणलं की मग काठी बोलते. महिपतने त्रेचाळीस वर्षं हे केलं. इथे आल्यावर चारांतली पिवळी त्याच्या कानाला बसकी वाटली. रबर जरा जाड असेल, दुसरं काही नाही. आवाज तर टीव्हीतून येतो, चकतीतून नाही. पण हाताची सवय डोक्याला विचारत नाही. रोज सकाळी झोन उघडायच्या आधी सावित्री मशीन तापवायची, आणि हा पिवळी चकती काढून त्या मशीनच्या गरम डोक्यावर दहा मिनिटं ठेवायचा. पावसाळाभर. सावित्री हसायची, हा ऐकायचा नाही.

त्याने हे सगळं अनिशला सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

अनिशने हळूच दाराकडे बघितलं. "काका, हे कोणाला कळणार आहे? लाल चकतीवर आपण जिंकतो. पिवळीचं बोलूच नका. नोकरी राहील तुमची."

सावित्रीही म्हणाली, "बरोबर बोल्तोय तो. मी काय कुनाला सांगत न्हाय."

महिपतने पिवळीची वाटी टेबलावर ठेवली. नोकरी त्यालाही हवी होती. घरी बायको होती, खोलीचं भाडं होतं. पण खिशात कुंकवाची पुडी होती, ती त्याला टोचत होती.

"त्यांनी न बघता खोटं लिहिलं," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी बघून खोटं बोललो, तर त्यांच्याहून वाईट झालो की. पिवळी माझी चूक. लिही. लाल त्यांची. तेही लिही. आणि मारामुळे काहीच झालेलं नाही, हे सगळ्यांत वर लिही. माझा हात जड नाही."

अनिशने लिहिलं. महिपतने खाली सही केली, वाचता येईल अशी, पूर्ण नावाची. तोवर सावित्री खाली जाऊन मोच्याकडून चपला चिकटवायचं सोल्युशन घेऊन आली. जुना डिंक खरवडून महिपतने टिकली बरोबर मध्यावर बसवली, वर अंगठा ठेवून सावित्रीने शंभर आकडे मोजले. मोजताना ती चुकत नाही म्हणे.

पावणेअकराला सेट उभा राहिला. महिपतने काठ्या घेतल्या. गेममधलं सगळ्यांत अवघड गाणं अनिशने लावलं, जे झोनमधल्या एकाही पोराने शेवटपर्यंत नेलं नव्हतं. महिपतने पूर्वी ते कधी वाजवलं नव्हतं, फक्त पोरांना चुकताना बघितलं होतं. मनगटं सैल सोडून तो वाजवत गेला. रबरावर काठ्या पडत होत्या, पण टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासातलं पाणी हललं नाही. चार ठिकाणी चुकला, पण गाणं शेवटपर्यंत नेलं. टीव्हीतली पब्लिक उभी राहिली.

"या हाताला म्हनं जोराचा मार," सावित्री म्हणाली.

अनिशने खिशातून मोबाइल काढला. "सेठना मी सांगतो. पिवळीचंही सांगतो. ते काय करतील ते मला माहीत नाही, काका. पण सोमवारपासूनही सेटवर तुम्हीच उभे राहाल, नाहीतर रविवारची कॉम्पिटिशन त्यांनी येऊन घ्यावी."

"सेठना नंतर," महिपत म्हणाला. "आधी सर्व्हिस सेंटर लाव. स्पीकरवर."

बराच वेळ रिंग वाजली. मग एक आवाज आला. महिपतने कागदावरचा नंबर आणि तारीख सांगितली. आवाज म्हणाला, "हां, वो केस क्लोज हो गया है."

"तुमची झाली असेल, माझी नाही," महिपत मराठीतच म्हणाला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "मी ऑपरेटर बोलतोय. ज्याची चूक तुम्ही लिहिलीत, तो. माझी चूक एका चकतीत निघाली, ती मी सही करून तुम्हाला पाठवतोय. आता तुमचं बोला. हिरवी चकती माझ्या हातात आहे. तिच्या स्क्रूवर दसऱ्याचं कुंकू आहे. एका खाचेत तांदूळ आहे, अख्खा. सतरा दिवस ती तुमच्याकडे होती. आतील भाग तपासला असं तुम्ही लिहिलंत."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. फोन ठेवला नव्हता.

"तांदूळ न हलवता आत काय बघितलंत? कोणी बघितलं? ज्याने बघितलं त्याचं नाव सांगा. मी लाइनवर आहे. बोला."